मेणातलं पान पुन्हा सुटलं

काम पूर्ण होतं. पान मेणात छान बसलेलं असतं, शिरा स्पष्ट दिसत असतात, वरचा थर हाताला गुळगुळीत लागतो. साधारण तीन आठवडे जातात. मग एका सकाळी तिरप्या उजेडात पानाच्या मधल्या शिरेलगत एक पांढुरकी रेघ दिसते. चार दिवसांत ती रुंद होते, नख टेकवलं तर खाली पोकळ वाजतं आणि शेवटी मेणाचा पापुद्रा पानासकट उचलून हातात येतो. एन्कॉस्टिकमध्ये, म्हणजे लाकडी फळीवर वितळलेल्या मेणाचे थर देऊन केलेल्या चित्रकामात, पानं, साली, बिया, काटक्या बसवणाऱ्या बहुतेकांनी हे एकदा तरी पाहिलेलं असतं. माझ्याकडे एका वर्षात सात वेळा झालं.

सातही वेळा मी वरूनच उपाय करत राहिले. रेघेवर आणखी मेण ओतलं. हीट गन जास्त वेळ धरली. मेणात डामर वाढवलं, तर मेण सुटायचं सोडून तडकायला लागलं. (डामर म्हणजे रस्त्यावरचं डांबर नाही, ही झाडाची पारदर्शक राळ आहे. नावामुळे घोटाळा होतो म्हणून सांगितलं.) सातव्या कामाची दुरुस्ती चौथ्यांदा फसली तेव्हा मात्र वैताग आला. धारदार पातं घेतलं, पानाच्या मधोमध आडवा काप दिला आणि भिंगातून पाहिलं. मधली शीर जाड, पानाचं पातं तिच्यापुढे कागदासारखं पातळ. शीर फळीला टेकली होती आणि तिच्या दोन्ही अंगांना पान तंबूसारखं ताणलेलं होतं. त्या तंबूंत हवा, केसाएवढे दोन बोगदे. पात्याला जरा जोर दिला तर तंबूखालचं मेणसुद्धा अख्खंच्या अख्खं निघालं आणि खालचा पांढरा प्रायमर, म्हणजे फळीला आधी दिलेलं अस्तर, कोरा करकरीत राहिला. म्हणजे एकाखाली एक अशी दोन दुखणी होती आणि मी तिसऱ्याच जागी मलम लावत होते.

तेव्हापासून मी सुटलेल्या कामावर आधी मेण घालत नाही. आधी ते कुठून सुटलं ते शोधते. वर दिसणारी तड बहुतेक वेळा दोन-तीन थर खालून आलेली असते.

सुटलेला तुकडा उलटा करा

निघालेला पापुद्रा फेकू नका, पुरावा तोच आहे. तो उलटा करून खिडकीशी धरा, आणि तो जिथून निघाला ती जागाही बघा.

तुकड्याची मागची बाजू काचेसारखी गुळगुळीत आणि खाली फळी किंवा प्रायमर स्वच्छ दिसत असेल, तर मेणाने फळीला मुळात धरलेलंच नाही. दोष पायाचा. मागची बाजू गुळगुळीत आणि खालीही मेणाचाच गुळगुळीत थर असेल, तर दोन थर एकमेकांत वितळले नव्हते. एकावर एक ठेवलेल्या वह्यांसारखे नुसते पडून होते. मागे पानाचा ठसा आणि त्यात बारीक गोल खळगे दिसले तर पानाखाली हवा किंवा ओल राहिली होती. आणि मागची बाजू खडबडीत, फाटल्यासारखी असेल, लाकडाचे तंतू तिला चिकटून आले असतील, तर तुमच्या हाताचा दोष नाही. काम कुठेतरी आपटलं आहे.

तुकडा अजून निघालेला नाही, नुसता संशय आहे, असं असेल तर नखाने टकटक करत सगळा पृष्ठभाग फिरा. घट्ट जागी आवाज बोथट येतो, सुटलेल्या जागी कोरडा आणि जरा वरच्या पट्टीतला. भिंतीचा गिलावा फुगला की वाजतो तसा. पोकळ जागांभोवती पेन्सिलीने हलकी खूण करत गेलात की नकाशाच तयार होतो. खुणा फक्त पानांभोवती असतील तर एक कारण, कडांना असतील तर दुसरं, सगळीकडे विखुरलेल्या असतील तर बहुधा प्रायमर.

जेसो लिहिलेला प्रत्येक डबा मेणाचा नसतो

माझी अर्धी चूक इथे होती. कॅनव्हाससाठी आणलेला ॲक्रिलिक जेसो, म्हणजे पांढरा प्रायमरच, उरला होता, पांढराशुभ्र दिसतो, म्हणून मी प्लायला त्याचे दोन हात मारले. मेणाला आत शिरायला वाट लागते. कच्च्या लाकडाच्या रंध्रांत गरम मेण झिरपतं आणि थंड झालं की तिथेच मुळं धरतं. ॲक्रिलिक म्हणजे शेवटी प्लास्टिक. ते ही रंध्रं बुजवून टाकतं. पहिल्या दिवशी मेण चिकटलेलं वाटतं. पण मेण थंड होताना आकसतं, पुढे खोलीचं तापमान वरखाली झालं की पुन्हा थोडं हलतं, आणि त्या प्लास्टिकच्या कातडीवरून हळूहळू मोकळं होतं. लगेच न सुटता तीन आठवडे का घेतले, याचं उत्तर हेच.

तुमच्या जुन्या फळीवर कोणता प्रायमर आहे हे आठवत नसेल तर मागच्या बाजूला किंवा कडेला ओघळलेल्या थेंबावर दोन चाचण्या करा. ओल्या कापडाने दोन मिनिटं चोळा. खडूसारखी पांढरी माती कापडावर आली तर तो खडू आणि सरसाचा जुन्या पद्धतीचा जेसो आहे, त्यावर मेण बसतं. पाण्याने काहीच आलं नाही तर कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन चोळा. थर चिकट, मऊ होऊन कापसाला लागला तर ॲक्रिलिक. ही चाचणी हीट गन, हॉट प्लेट आणि ज्योत यांच्यापासून लांब, शक्यतो दुसऱ्या खोलीत करा.

पाया म्हणून मी आता कच्चं बर्च प्लाय वापरते, दुसरं काही नाही. पांढरी पार्श्वभूमी हवीच असेल तर मेणासाठी बनवलेला शोषक जेसो मिळतो, तो लावते. ताणलेला कॅनव्हास टाळा. बोट लागलं की तो झोके घेतो आणि मेण झोके घेत नाही. इजिप्तमधल्या फायूमची ममी-चित्रं, म्हणजे ममीच्या चेहऱ्यावर बसवलेली माणसांची चित्रं, पहिल्या ते तिसऱ्या शतकातली, त्यातली कित्येक मेणात रंगवलेली आहेत आणि ती पातळ पण ताठ लाकडी फळ्यांवर आहेत. इतकी शतकं ती टिकली त्यात वाळवंटाच्या कोरड्या हवेचा वाटा मोठा आहे, हे मान्य. पण त्या फळ्यांवर ॲक्रिलिक नव्हतं, हेही खरं.

फळीवर पहिले दोन थर बिनरंगाच्या मिश्रणाचे, म्हणजे नुसतं मधमाशीचं मेण आणि डामर. वजनाने आठ भाग मेणाला एक भाग डामर हे माझं प्रमाण. चारास एकपर्यंत जाणारे लोक आहेत. त्यांचा पृष्ठभाग जास्त कडक, चकचकीत होतो आणि जास्त ठिसूळही. मेण घालण्याआधी फळी हीट गनने तळहाताला कोमट लागेपर्यंत गरम करा. थंड फळीवर गरम मेण घातलं की ते आत शिरण्याआधीच गोठतं, आणि पायाचं दुखणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

ओल्या फरशीची चमक

एन्कॉस्टिक या शब्दाचं मूळ ग्रीकमध्ये आहे आणि त्याचा अर्थच ‘भाजून आत बसवलेलं’ असा होतो. नुसतं मेण लावणं म्हणजे एन्कॉस्टिक नाही. प्रत्येक थर लावल्यावर तो खालच्या थरात वितळवावा लागतो. नव्याने शिकणाऱ्यांचे थर सुटतात ते बहुतेक वेळा याच पायरीवर, कारण नुकतंच उमटलेलं ब्रशचं सुंदर काम पुसलं जाईल या भीतीने उष्णता पुरेशी देववत नाही. मलाही देववत नव्हती.

खूण डोळ्यांनी ओळखायची आहे, घड्याळाने नाही. हीट गनचा वारा सगळ्यात कमी ठेवा, तोंड पृष्ठभागापासून चार-पाच इंचांवर, हात सतत फिरता. आधी मेण मंद, दुधट दिसतं. मग एका क्षणी फिरत्या वाऱ्याखालचा भाग ओल्या फरशीसारखा चमकतो, ब्रशच्या रेघांच्या कडा किंचित गोल होतात. तिथेच थांबायचं आणि पुढच्या हातभर जागेकडे सरकायचं. चमक आली नाही तर थर वेगळे राहिले. चमक येऊन मेण लाटेसारखं सरकायला लागलं तर जास्त झालं. रंग एकमेकांत मिसळतील आणि खालचं पान जागचं हलेल. या दोन्हींच्या मधली वेळ फार तर दोन-तीन सेकंदांची असते. ती हातात बसायला एखादी फळी वाया घालवावी लागते, त्यात कंजुषी करू नका.

थर खरंच एकजीव झालेत का, हे पाहायचं असेल तर कामाच्या शेजारी प्लायच्या लहान तुकड्यावर तेच थर त्याच क्रमाने लावत जा. दुसऱ्या दिवशी त्याचा एक कोपरा पात्याने काढा आणि बोटांत धरून हलकेच वाकवा. वेडावाकडा तुटला तर उत्तम. पत्त्यांच्या कॅटसारखा थरांमधून सरळ फाटला तर भाजणं कमी पडलं.

आता एक गोष्ट सांगते जी शोधायला मला दोन महिने लागले. वाफा नाकात जाऊ नयेत म्हणून मी टेबल फॅन पाठीशी ठेवून काम करायचे. हेतू चांगला होता, परिणाम वाईट. वारा फळीवरून जायचा, मेणाची फक्त वरची साय गरम होऊन चमकायची आणि आतला भाग तसाच घट्ट. चमक दिसली म्हणून मी समाधानाने पुढे सरकायचे. फॅनचं तोंड खिडकीच्या बाहेर हवं, म्हणजे तो खोलीतली हवा बाहेर खेचतो; काम त्या खिडकीजवळ, आणि ताज्या हवेसाठी समोरचं दार किंचित उघडं. फळीवर वाऱ्याची झुळूक लागता कामा नये. एवढा बदल केल्यावर कडांचं सुटणं बंद झालं.

दुसरा छुपा गुन्हेगार म्हणजे तापमान दाखवणारं यंत्र. मधमेण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळतं. डामर घातलेलं मिश्रण त्याहून थोडं वर. काम करताना ते ८० ते ९० अंशांत असावं, ९३ च्या पुढे जाऊ देऊ नये. मी इन्फ्रारेड थर्मामीटर हॉट प्लेटच्या चकचकीत ॲल्युमिनियमवर रोखायचे, तो ५५ दाखवायचा आणि मी बटण वाढवायचे. चकचकीत धातू स्वतः उष्णतेचे किरण फार कमी सोडतो, त्यामुळे असं यंत्र त्याचं तापमान खऱ्यापेक्षा खूप कमी सांगतं. खरं तापमान किती होतं कोण जाणे, पण मेणाचा वास करपट यायचा आणि पांढरा रंग पिवळट पडायचा. आता मी वितळलेल्या मेणावर यंत्र रोखते, किंवा मेणात बुडवायचा साधा धातूचा थर्मामीटर वापरते. मेणातून धूर दिसला म्हणजे ते काम करण्याच्या तापमानाच्या फार पुढे गेलं आहे. प्लेट बंद करा आणि खोलीबाहेर जा. मेण पेटलंच तर पाणी कधीही नाही. झाकण घाला, आणि विझवण्याचं यंत्र हाताशी असू द्या.

थोडक्यात सांगण्यासारखं आणखी एक. उरलेल्या मेणबत्त्या वितळवून मिश्रणात घालू नका. त्या बहुतेक पॅराफिनच्या असतात, पॅराफिन जास्त ठिसूळ, आणि अशा मिश्र मेणाचे थर कधी कसे वागतील याचा भरवसा नाही.

पान कोरडं दिसतं, असतं असं नाही

पानाच्या बाबतीत एक गैरसमज पक्का बसलेला आहे, की गरम मेणात बुडवलं म्हणजे उरलीसुरली ओल निघून जाईल. पाणी उकळतं १०० अंशांना, मेण असतं ८० ला. ओल निघत नाही, मेणाच्या आत कोंडली जाते. पुढे वरचे थर भाजताना हीट गनचा झोत त्याच जागी येतो, त्याच्या तोंडाशी तापमान काहीशे अंश असतं, आणि मग त्या कोंडलेल्या ओलीची वाफ होऊन फोड उठतो. फोड लगेच दिसला तर नशीब. तो बारीक असला तर थंड होऊन बसतो आणि नंतर त्याच जागेवरून पापुद्रा सुटायला लागतो.

पान टिपकागदात, वजनाखाली, दोन ते तीन आठवडे. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन दिवसांनी कागद बदलायचे, कारण ओला झालेला कागद ओल शोषत नाही, परत देतो. वाळलं की नाही याची सर्वांत भरवशाची चाचणी गालाशी: पान गालाला लावा. ओल असलेलं पान गार लागतं, पुरतं वाळलेलं लागत नाही. सुकवलेली झाडं जतन करणारी मंडळी हीच युक्ती वापरतात. बोटांनी नीट कळत नाही, गालाने कळतं.

जाड वस्तूंना गाल पुरत नाही. शेंगा, पाइनसारख्या झाडांचे शंकू, काटक्या, साली यांचं वजन करा, आठवड्याने पुन्हा करा. ग्रॅमचे दशांश दाखवणारा लहान काटा लागतो. वजन उतरत असेल तर अजून थांबा. शिवाय यांच्यात किडे असतात. मेणात बसवलेल्या शेंगेतून तीन महिन्यांनी भुंगा बाहेर पडताना मी पाहिलाय, अगदी गोल, नीटनेटकं भोक पाडून. ते काम नंतर बरंच लोकांना आवडलं, पण तो भाग वेगळा. वाळलेली वस्तू हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवा. वजा २० अंशांवर एक आठवडा पुरतो; घरच्या फ्रीझरचा काटा नक्की नसतो म्हणून मी दोन आठवडे ठेवते. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर गार वस्तूवर दव धरतं आणि सगळी वाळवण वाया जाते.

आता त्या तंबूचं काय करायचं. मधली शीर जाड असेल तर पानाच्या मागच्या बाजूने ती पात्याने अर्धी छिलून काढा. समोरून काही दिसत नाही. देठ तर मी पूर्ण काढते, आणि हवाच असेल तर वेगळा, नंतर बसवते. मग पान बिनरंगाच्या मेणात चिमट्याने बुडवा. सुरुवातीला बारीक बुडबुडे येतात, ती पानातली हवा. बुडबुडे थांबेपर्यंत धरा, मग बाहेर काढून निथळू द्या. फळीवरचं मेण तेवढ्यात गरम करून मऊ ठेवलेलं असायला हवं. पान मधल्या शिरेपासून कडांकडे, बेकिंगच्या कागदावरून बोटाने दाबत बसवा, म्हणजे हवा कडेने निघून जाते. कडांकडून मध्ये दाबलं तर ती मध्येच अडकते. माझ्या सातपैकी पाच पानांचं हेच झालं होतं. त्यानंतर वरून पातळ थर आणि भाजणं, पुन्हा पातळ थर आणि भाजणं. एकदम जाड मेण ओतून पान गाडायचा मोह होतो, पण तेवढ्या मेणातून उष्णता पानापर्यंत पोचतच नाही.

अमेरिकन चित्रकार जॅस्पर जॉन्सने १९५४-५५ मध्ये केलेल्या ‘फ्लॅग’ या चित्रात वर्तमानपत्राच्या पट्ट्या अशाच मेणात भिजवून बसवल्या आहेत. कोरड्या बसवल्या असत्या तर मेण फक्त वरून बसलं असतं. कागद असो की पान, मेण आधी त्याच्या आत जायला हवं.

पान बसवायला पांढरा डिंक किंवा ॲक्रिलिक मीडियम वापरू नका. पानाखाली पुन्हा तीच प्लास्टिकची कातडी तयार होते, आणि बराचसा डिंक हीट गनखाली मऊ पडतो. जाळीदार पान, ज्याच्या फक्त शिरा उरलेल्या असतात, ते या सगळ्यात सोपं. मेण आरपार जातं, हवा कोंडायला जागाच नसते. पहिली दोन-तीन कामं जाळीदार पानांवर करा असं मी प्रत्येकाला सांगते, आणि कोणी ऐकत नाही, कारण हिरवं पान जास्त छान दिसतं. हिरवं पान हिरवं राहत नाही, हेही इथेच सांगून टाकते. उष्णतेने हरितद्रव्य बदलतं, पान तपकिरी-शेवाळी होतं, आणि उरलेला रंग उजेड खातो. मेण त्याला उजेडापासून वाचवत नाही.

भाजताना ब्युटेनचा टॉर्च वापरत असाल तर सुक्या पानाची कड मेणाबाहेर आलेली नाही ना, हे आधी बघा. मेणाबाहेर राहिलेलं सुकं पान वातीसारखं पेट घेतं. पानांच्या कामाला हीट गनच बरी.

मेण म्हणजे डिंक नाही

असेम्ब्लाजमध्ये, म्हणजे वस्तू जुळवून केलेल्या कामात, सुटण्याचं कारण बहुतेक वेळा साधं वजनच असतं. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९६१ साली या प्रकाराचं मोठं प्रदर्शन भरवलं, तोवर कलाकार कागदापासून मोडक्या फर्निचरपर्यंत सगळं जोडू लागले होते. पण खिळा, स्क्रू, तार आणि खोबणी ही त्यांची खरी साधनं. मेण हलकी वस्तू धरतं: पीस, बी, पातळ साल. दगड, शिंपला, जाड फांदी यांना ते मिठीत घेतं, उचलून धरत नाही. उन्हाळ्याच्या दुपारी मेण मऊ झालं की फांदी स्वतःच्या वजनाने महिनाभरात दोन मिलिमीटर खाली आलेली असते, आणि वरच्या अंगाला चंद्रकोरीसारखी फट.

जड वस्तू मेणाआधी फळीला बांधा. फांदीला मागून बारीक स्क्रू, त्याआधी भोक पाडून, नाहीतर वाळकं लाकूड उभं चिरतं. दगडाला दोन बाजूंनी तारेचे आकडे, तारेची टोकं फळीतून मागे नेऊन पिळलेली. शिंपल्याची मागची कड सँडपेपरने खरखरीत करा, चकाकीवर मेण धरत नाही. मग या सगळ्याभोवती मेण आणा म्हणजे तार आणि स्क्रू झाकले जातात. तपासायला फळी भिंतीला उभी करून दोन दिवस सोडा, मेण घालायच्या आधी. तेव्हा जे हललं ते नंतरही हलणारच.

दगड आणि धातू मेण घालण्याआधी गरम करायला विसरू नका. गार दगडाला मेण टेकताच गोठतं आणि त्याच्याभोवती एक बारीक रेघ राहते, जिथून पुढे सगळं सुटतं. तांब्याची किंवा पितळेची तार असेल तर काही आठवड्यांनी तिच्याभोवती मेण हिरवट होतं. मधमेणात मोकळी मेदाम्लं असतात, ती तांब्याशी क्रिया करतात. कित्येकांना हा हिरवा आवडतो. नको असेल तर स्टेनलेस स्टीलची तार घ्या.

जे दुखणं नाहीच

कामावर पांढरी धुरकट साय आली की लोक घाबरून भाजायला घेतात. ती साय सगळीकडे सारखी असेल, टकटक केल्यावर आवाज बोथट असेल आणि बोट फिरवल्यावर पुसली जात असेल तर तो ब्लूम. मेणातले काही घटक पृष्ठभागावर येतात, थंड हवेत जास्त. मऊ सुती कापडाने चोळा, चमक परत येते. पहिले सहा महिने ते वर्षभर हे अधूनमधून होतं, मग कमी होतं. पुसूनही न जाणारी, एकाच जागी राहणारी पांढरी रेघ मात्र ब्लूम नाही. तिच्याखाली हवा आहे.

सुईच्या टोकाएवढी छिद्रं हेही तसं किरकोळ. फळी गरम झाली की लाकडातली हवा वर येते आणि वाटेत भोक सोडते. पहिला थर घालण्याआधी फळी नीट गरम केली तर निम्मी कमी होतात, बाकीची पुढच्या थराने भरतात. नायलॉनचे ब्रश वापरत असाल तर पृष्ठभागावरच्या गाठी ब्रशच्या वितळलेल्या केसांच्या असू शकतात; नैसर्गिक राठ केसांचा ब्रश घ्या.

सुटलेलं वाचवायचं तर

दोन थरांमधून सुटलं असेल आणि जागा तळहाताहून लहान असेल तर काम वाचतं. सुटलेला पापुद्रा काढा, खालचा थर पात्याने हलका खरवडून खरखरीत करा, धूळ झटका, कोमट करा आणि नवे थर पातळ, भाजत भाजत भरा. कड जुळवताना बाजूच्या जुन्या मेणावर अर्धा इंच उष्णता न्या, नाहीतर दुरुस्तीच्या कडेनेच नवी तड येईल.

पानाखालचा बोगदा पान न काढता भरता येतो, पण तो एकदाच नीट जमतो. बोगद्याच्या दोन्ही टोकांना गरम सुईने भोक पाडा. एका भोकावर वितळलेल्या बिनरंगाच्या मेणाचा थेंब ठेवा आणि हीट गनने सगळा बोगदा सावकाश गरम करा. मेण आत ओढलं जातं आणि दुसऱ्या भोकातून हवेचा बुडबुडा निघतो. एकच भोक पाडलं तर हवेला जायला वाट नसते आणि मेण वरच तरंगत राहतं. बुडबुडा दिसला की बेकिंगच्या कागदावरून दाबा आणि थंड होईपर्यंत वजन ठेवा.

आणि पायापासून सुटलं असेल, खाली ॲक्रिलिक असेल, तर दुरुस्ती नाही. मी तीन कामांवर प्रयत्न केला, तिन्ही पुन्हा सुटली. सगळं मेण खरवडून काढा, प्रायमर सँडपेपरने लाकूड दिसेपर्यंत घासा, मास्क लावून. ते जमत नसेल तर फळी दुसऱ्या कशासाठी ठेवा. पानं मात्र हीट गनने खालून मऊ करत उचलली तर बहुतेक वेळा अख्खी निघतात आणि आधीच मेण प्यायलेली असल्यामुळे नव्या फळीवर चांगली बसतात. माझं सातवं काम असंच नव्याने बसवलं, तेच पान, शीर मागून छिललेली. खरवडून निघालेलं मेण गाळून पुन्हा वापरायचा मोह होईल. तेवढं टाकून द्या, त्यात ॲक्रिलिकच्या कपच्या असतात आणि त्या कापडातूनही खाली उतरतात.